कान वाजतात, म्हणून मेंदूवर मशीन लावायचं का?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेतील आरोग्य सत्रात, कान तपासणीचे काम करणाऱ्या एका ताईंनी केलेले हे भाषण. ज्या गटांना त्या दिवशी येता आले नाही, त्यांच्यासाठी ते येथे देत आहोत.)



आजचा विषय तुमच्या कर्ज समितीनं मला दिला आहे. एका गटातल्या ताईंनी उपचारासाठी कर्ज मागितलं आहे. गेली तीन वर्षं त्यांच्या कानात आवाज येतो. झोप लागत नाही. शहरात कुणीतरी त्यांना सांगितलं, "मेंदूवर मशीन लावू, वीस बैठका घ्या, आवाज जाईल." खर्च मोठा आहे. समितीपुढे पेच पडला. नाही म्हणावं तर बाईचा त्रास खरा आहे. हो म्हणावं तर हप्ते तिलाच फेडायचेत, आणि आवाज गेला नाही तर काय? समितीनं हा प्रश्न नुसता मतदानाला न टाकता आधी माहिती मागवली, हे मला फार आवडलं. म्हणून आज या मशीनबद्दल जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगते. निर्णय तुमचा.

आधी सांगा, कुणाकुणाच्या कानात असा आवाज येतो? हात वर करा. बघा, पुढच्या रांगेतच किती हात आहेत. कुणाला रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू येते, कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला भुंगा फिरल्यासारखी घुंईघुंई. आपल्याकडे याला 'कान वाजणं' म्हणतात, जुन्या वैद्यांच्या भाषेत 'कर्णनाद', डॉक्टर 'टिनिटस' लिहितात. २०२२ साली जगभरातले अनेक अभ्यास एकत्र करून एक अंदाज काढला गेला. त्यानुसार जगात ७४ कोटींहून जास्त मोठ्या माणसांना हा अनुभव येतो. दर सात माणसांत साधारण एक. त्यातल्या १२ कोटींहून जास्त लोकांना तो मोठा त्रास वाटतो. तेव्हा तुम्ही एकट्या नाही. हे वेड नाही, बाहेरची बाधा नाही आणि कामातून सुटका मिळावी म्हणून केलेलं ढोंगही नाही.

आवाज येतो कुठून?

आपल्या कानाच्या अगदी आत गोगलगायीच्या शंखासारखा एक छोटा भाग असतो. त्यात केसांसारख्या बारीक टोकांच्या पेशी असतात, प्रत्येक कानात १५ हजारांच्या आसपास. आवाज आला की ही टोकं हलतात आणि नसेतून मेंदूला निरोप जातो. वयानं, मोठ्या आवाजानं किंवा काही औषधांनी या पेशी मरतात. डोक्यावरचा केस परत उगवतो, माणसाच्या कानातल्या या पेशी परत येत नाहीत.

आता मेंदूचं बघा. कानाकडून निरोप कमी यायला लागले की मेंदू गप्प बसत नाही. तो आपल्या बाजूनं आवाज वाढवतो. भजनाच्या वेळी माइकमधून नीट ऐकू येत नाही म्हणून पोरगं बटण फिरवत राहतं, आणि मग कुईं करून आवाज येतो ना? तो आवाज कुणी गायलेला नसतो. कान वाजण्याचंही बरंचसं असंच असावं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कडबाकुट्टीत बोट गेलेल्या माणसाला विचारा. बोट नाही, तरी कधीकधी बोट ठणकतं असं तो सांगेल. तो खोटं बोलत नाही. बोट गेलं तरी बोटाची मेंदूतली जागा शिल्लक असते.

याला पुरावा आहे. गाठीच्या ऑपरेशनमध्ये ज्यांची कानाची नसच कापावी लागली, त्यांच्यातल्या अनेकांचा आवाज नंतरही थांबला नाही. नसच नाही, मग आवाज येतो कुठून? म्हणजे मुक्काम मेंदूत आहे. आणखी एक गंमत सांगते. १९५३ साली अमेरिकेत दोन डॉक्टरांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० लोकांना एकेक करून अगदी निःशब्द खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. बहुतेक सगळ्यांनी काही ना काही आवाज लिहिला! म्हणजे पूर्ण शांततेत मेंदू स्वतःच काहीतरी ऐकू लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मग मेंदूलाच हात घालायचा का?

मुक्काम मेंदूत असेल तर मेंदूवरच इलाज करू, असं शास्त्रज्ञांना वाटणं साहजिक आहे. विजेचा प्रयोग तर फार जुना आहे. १८०० च्या सुमारास इटलीतल्या व्होल्टा यांनी, ज्यांच्या नावावरून आपण 'व्होल्ट' म्हणतो, स्वतःच्या दोन्ही कानांत सळ्या घालून वीज सोडून पाहिली होती. डोक्याला धक्का बसला आणि काहीतरी उकळल्यासारखा आवाज आला. तुम्ही घरी असलं काही करू नका, एवढंच सांगते!

आत्ताचं मशीन वेगळं आहे. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्ड गावी अँथनी बार्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी ते दाखवलं. तारेचं एक वेटोळं डोक्यावर धरतात. त्यातून क्षणभर जोरात वीज सोडली की चुंबकाचा जोर तयार होतो. हा जोर कवटीतून आरपार जातो आणि खालच्या मेंदूत अगदी थोडी वीज निर्माण करतो. हात हलवणाऱ्या जागेवर धरलं तर माणसाचा हात आपोआप हलतो. कापाकापी नाही, भूल नाही. रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो, टक टक आवाज ऐकतो. सिनेमात दाखवतात तो 'शॉक' हा नव्हे. अमेरिकेच्या औषध खात्यानं २००८ साली डिप्रेशनसाठी, म्हणजे मनाच्या उदासीच्या आजारासाठी, याला परवानगी दिली. आपल्याकडेही मोठ्या शहरांत मनोविकाराचे डॉक्टर ते वापरतात. म्हणजे मशीन खोटं नाही. प्रश्न एवढाच, ते कान वाजण्यावर चालतं का?

२००३ च्या सुमारास जर्मनीत ट्युबिंगेन आणि रेगेन्सबर्ग या गावांतल्या डॉक्टरांनी मेंदूच्या ऐकण्याच्या जागेवर ते लावून बघितलं. काही रुग्णांचा आवाज थोडा वेळ कमी झाला. आशा वाढली. पण कमी झाला तो मशीननं, की 'आपल्यावर मोठा उपचार चाललाय' या समाधानानं, हे ओळखायचं कसं?

इथं तुम्हाला शेतीचं उदाहरण देते. नवीन खत चांगलं आहे का, हे कसं बघतो? एकाच रानात दोन वाफे करायचे. एकात खत घालायचं, दुसऱ्यात नाही. पाणी, बियाणं, निंदणी सगळं सारखं. मग तुलना करायची. सगळ्या रानात खत टाकलं आणि पाऊस चांगला झाला, तर पीक खतानं आलं की पावसानं, कोण सांगणार? उपचाराचंही तसंच. निम्म्या लोकांना खरं मशीन लावायचं, निम्म्यांना खोटं. खोटं मशीनही तसंच दिसतं, टक टक करतं, फक्त चुंबकाचा जोर मेंदूपर्यंत जात नाही. कुणाला कोणतं लावलं ते रुग्णाला माहीत नसतं.

दोन अभ्यास, दोन उत्तरं

अमेरिकेतल्या पोर्टलंड गावी निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यात असा अभ्यास झाला आणि २०१५ साली छापून आला. ६४ रुग्ण होते. दहा कामाचे दिवस, रोज २००० ठोके. खरं मशीन लावलेल्या ३२ पैकी १८ जणांना फरक वाटला. खोटं लावलेल्या ३२ पैकी ७ जणांना! हे ७ नीट लक्षात घ्या. त्यांना काहीच उपचार मिळाला नव्हता, तरी बरं वाटलं. ते खोटारडे नव्हते. कुणीतरी रोज आपुलकीनं विचारपूस केली, आशा वाटली, की त्रास हलका होतो. आपल्या बैठकीत मन मोकळं केलं की नाही का बरं वाटत? आणखी एक गोष्ट. त्या ६४ मध्ये बायका फक्त १३ होत्या.

तरीही १८ विरुद्ध ७, फरक चांगला आहे. सहा महिन्यांनी बघितलं तेव्हाही बऱ्याच जणांचा फायदा टिकला होता. मग तुम्ही म्हणाल, द्या की कर्ज!

थांबा. एकाच महिन्याचा ताळेबंद बघून बँक आपल्याला कर्ज देते का? जर्मनीत अनेक दवाखान्यांनी मिळून दीडशेहून जास्त रुग्णांवर तसाच अभ्यास केला. तो २०१७ साली छापून आला. त्यात खरं मशीन आणि खोटं मशीन यांत काहीच फरक निघाला नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस गावी आणि नेदरलँड्समध्ये याआधी झालेल्या अभ्यासांतही खऱ्या मशीननं बाजी मारली नव्हती. अमेरिकेतल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं तर २०१४ सालीच आपल्या डॉक्टरांना लिहून कळवलं होतं, की कान वाजण्याच्या जुन्या त्रासासाठी हा चुंबकाचा उपचार सुचवू नका.

असं का होतं? एक कारण असं, की कान वाजणं हा एकच आजार नाही. ताप जसा मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो, तसं हे आहे. कुणाचं मोठ्या आवाजामुळं, कुणाचं वयामुळं, कुणाचं मानेच्या किंवा जबड्याच्या दुखण्यामुळं. सगळ्यांच्या डोक्यावर एकाच जागी मशीन धरून कसं चालेल? कुणाला कोणत्या जागी, किती दिवस, हे अजून ठरलेलं नाही. म्हणून संशोधन चालू आहे, आणि ते चालू राहिलंच पाहिजे.

जिभेवरचं आणि मानेवरचं यंत्र

दुसरी एक वाट निघाली आहे. कानात विशिष्ट आवाज ऐकवायचे आणि त्याच वेळी जीभ, गाल किंवा मान इथं विजेची हलकी झिणझिण द्यायची. दोन्ही मिळून मेंदूची वाईट सवय मोडायची, अशी कल्पना. आयर्लंडमध्ये तयार झालेल्या जिभेवरच्या यंत्राचा अभ्यास २०२० साली छापून आला. ३२६ लोक, १२ आठवडे, रोज तासभर वापर. बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला आणि वर्षभर टिकला. अमेरिकेनं २०२३ साली त्या यंत्राला परवानगीही दिली. पण त्या अभ्यासात सगळ्या गटांना काही ना काही खरा उपचार होता. म्हणजे बिनखताचा वाफाच नव्हता! मग यंत्रामुळं किती आणि आशेमुळं किती, हे सांगणं अवघड.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात सुसान शोर यांच्या गटानं ९९ लोकांवर केलेला अभ्यास २०२३ साली आला. त्यात तुलनेसाठी नुसता आवाज ऐकवलेला गट होता, आणि दोन्ही मिळून दिलेल्या उपचाराचा फायदा जास्त दिसला. पण घेतलेले रुग्ण निवडक होते. जबडा हलवला, मान वळवली की ज्यांचा आवाज कमी-जास्त होतो, असेच. ही वाट आशेची आहे, पण अजून कच्ची सडक आहे. त्यावर आपली भरलेली गाडी घालायची नाही.

मग कर्ज द्यायचं का?

माझं मत स्पष्ट सांगते. चुंबकाच्या या उपचारासाठी आज व्याजानं पैसे काढावेत इतका पुरावा नाही. उद्या पुरावा आला तर मीच तुम्हाला येऊन सांगेन. कुठे सरकारी किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात रीतसर अभ्यास चालू असेल तर गोष्ट वेगळी. तिथं रुग्णाची लेखी संमती घेतात, धोका समजावून सांगतात, आणि अभ्यासातल्या उपचाराचे पैसे सहसा घेत नाहीत.

कुणी महागडा उपचार सांगितला तर समितीनं आणि त्या ताईनं मिळून पाच प्रश्न विचारावेत:

१. माझ्या कानाची ऐकण्याची तपासणी झाली का? कारण काय निघालं?
२. हा उपचार खोट्या मशीनशी तुलना करून तपासलाय का? त्यात काय निघालं?
३. तुम्ही आवाज जाईल म्हणता, की त्रास कमी होईल म्हणता? आणि किती दिवस टिकेल?
४. मला फिट येते, डोक्यात धातू आहे, हृदयाला पेसमेकर आहे किंवा कानात बसवलेलं यंत्र आहे. मला चालेल का? (अशांना चुंबकाचं मशीन धोक्याचं ठरू शकतं. क्वचित कुणाला त्यानं फिटही येते.)
५. एकूण खर्च किती, पावती मिळेल का, मध्येच थांबलो तर उरलेले पैसे परत देणार का?

या प्रश्नांवर जो चिडेल, त्याच्याकडे पैसे भरू नका. "शंभर टक्के गॅरंटी" म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको.

मग त्या ताईनं करायचं काय?

कर्ज नाकारलं आणि विषय संपवला, असं करू नका. तिचा त्रास तसाच राहील. करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि बरंचसं स्वस्त आहे.

पहिलं, तपासणी. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो, तो डॉक्टरांनी काढला की आवाज कमी होतो. घरी हेअरपिन, काडी, गरम तेल कानात घालू नका, पडदा फाटतो. रक्त तपासा, बीपी बघा. अंगात रक्त कमी असलं की काही बायकांना नाडीच्या ठेक्यात धपधप ऐकू येतं. काही औषधांनी कान बिघडतात, टीबीची काही इंजेक्शनंही त्यात येतात. पण मनानं औषध बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. त्यानंतर ऐकण्याची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री. तिची सोय कुठे आहे ते आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात विचारा.

दुसरं, ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन. मेंदूला कानाकडून निरोप मिळायला लागले की बऱ्याच जणांना कान वाजणंही कमी जाणवतं. सरकारी योजनेतून पात्र व्यक्तींना ते मिळू शकतं, त्याची चौकशी गटानं मिळून करावी.

तिसरं, पूर्ण शांतता टाळा. त्या निःशब्द खोलीतले ८० लोक आठवा. रात्री पंखा, हळू लावलेला रेडिओ किंवा पावसाचा आवाज सोबतीला असू द्या. आपला आवाज झाकून टाकायचा नाही, मेंदूला ऐकायला दुसरं काहीतरी द्यायचं.

चौथं, मनाची तालीम. इंग्रजीत तिला सीबीटी म्हणतात. समुपदेशक काही बैठकांत भीती, झोप आणि विचार यांवर काम करून घेतात. २०२० साली २८ अभ्यास आणि २७३३ रुग्ण एकत्र करून बघितलं, तेव्हा या तालमीनं त्रास कमी होतो असं दिसलं. आवाज तसाच राहतो, पण तो जगणं अडवत नाही. रस्त्याकडेला घर असलेल्या बाईला गाड्या ऐकू येतच असतात, पण तिचं लक्ष जात नाही, तसं. मेंदूला हात न लावता मेंदूची सवय बदलण्याचा हा मार्ग आहे, आणि आज सगळ्यात जास्त पुरावा याच्याच बाजूनं आहे.

गोळ्यांचंही सांगते. झिंक, गिंकगो वगैरेच्या महागड्या बाटल्यांनी कान वाजणं जातं असा पुरावा नाही. बीटाहिस्टीन नावाची गोळी नुसत्या कान वाजण्यासाठी देऊ नये, असं इंग्लंडच्या २०२० च्या सरकारी मार्गदर्शनात लिहिलं आहे. तुम्हाला ती चक्करसाठी दिली असेल तर मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

हे दिसलं तर थांबू नका

अचानक, दोन-तीन दिवसांत एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कापणी झाल्यावर बघू, लग्न झाल्यावर बघू, असं करू नका. सुरुवातीचे दिवस फार मोलाचे असतात. फक्त एकाच कानात आवाज, नाडीच्या ठेक्यात आवाज, जोराची चक्कर, तोंड वाकडं होणं, कानातून पू किंवा रक्त, यातलं काही असलं तरी दाखवा. आणि या आवाजानं जीव नकोसा झालाय असं कुणी बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिच्याजवळ बसा आणि टेली मानसच्या १४४१६ या नंबरला फोन लावून द्या. तो सरकारी आहे, फुकट आहे.

शेवटी, ज्यांचे कान अजून चांगले आहेत त्यांच्यासाठी. गटाच्या पिठाच्या गिरणीत, मसाला कांडपात, शेवयांच्या मशीनवर ज्या बसतात, त्यांनी एक साधी खूण लक्षात ठेवावी. हाताच्या अंतरावरच्या बाईशी बोलायला ओरडावं लागत असेल, तर तो आवाज कानाला जास्त आहे. नुसत्या कापसानं तो फारसा अडत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे मिळतात, स्वस्त असतात. गिरणीच्या खर्चात पट्टा आणि ग्रीस लिहितो, तशी त्यांचीही एक ओळ लिहा. पाळीपाळीनं बसा. लग्नात डीजेच्या भिंतीसमोर लहान पोरांना उभं करू नका.

पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येक गटानं दोन नोंदी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. आपल्या गटात किती जणींचे कान वाजतात, आणि त्यातल्या किती जणींची तपासणी झाली आहे. ती यादी संघाकडे आली की सगळ्यांना एकाच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यायचं ठरवू. एकटीनं गेलं तर "वयाचं आहे, सवय होईल" एवढं ऐकून परत यावं लागतं. वीस जणी मिळून गेलात तर तुमचं ऐकावंच लागेल.